ऑडॅसिटी आणि टिमेरिटी: छाती मोजणारा शब्द आणि पायरी मोजणारा शब्द

प्रश्न असा आहे: "इंग्रजी वाचताना 'हॅड द ऑडॅसिटी टु' आणि 'हॅड द टिमेरिटी टु' अशा दोन्ही रचना सतत दिसतात. शब्दकोशात दोन्हींपुढे धाडस, धृष्टता, उद्धटपणा असेच अर्थ असतात. मग नेमका फरक कशात आहे आणि लिहिताना कोणता शब्द कधी वापरायचा?"

आधी सरळ उत्तर देतो. ऑडॅसिटी माणसाची छाती मोजते, टिमेरिटी त्याची पायरी मोजते. ऑडॅसिटी असलेल्या माणसाला समोरचा धोका किंवा समोरचं बंधन दिसत असतं आणि तरीही तो पुढे जातो. ते बघून आपण थक्क होतो, कधी कौतुकाने, कधी संतापाने. टिमेरिटी दाखवणाऱ्याने मापच घेतलेलं नसतं. धोका केवढा, समोर कोण बसलंय, त्याच्यापुढे आपण कोण, हा हिशोब त्याने केलेला नसतो, निदान बोलणाऱ्याला तरी तसं वाटत असतं. म्हणून ऑडॅसिटीचं कौतुक होऊ शकतं, टिमेरिटीचं मनापासून कौतुक करता येत नाही. एवढं एक ध्यानात ठेवलं तरी बऱ्याच चुका टळतात. उरलेल्या चुका टाळायच्या तर थोडं खोलात शिरावं लागतं, कारण टिमेरिटीचा आजचा वापर कोशातल्या अर्थाच्या बराच पुढे गेला आहे.

भाषांतर करणं आणि इतरांनी लिहिलेला इंग्रजी मजकूर तपासणं हे माझं रोजचं काम. या जोडीबद्दल लोकांचा गोंधळ का होतो, ते मला त्या कामात स्पष्ट दिसतं. बहुतेक जण दोन्ही शब्द एकाच साच्यात भेटलेले असतात: 'हॅड द अमुक टु तमुक'. साचा एकच, आणि त्या साच्यात दोन्ही शब्द तक्रारीच्या सुरातच येतात. मग ते समानार्थी वाटणारच. त्यामुळे आधी त्या साच्यातच दोघांना वेगळं करू.

ही दोन वाक्यं बघा. पहिलं: 'ही ब्रोक माय विंडो अँड देन हॅड द ऑडॅसिटी टु सेंड मी द बिल.' खिडकी त्यानेच फोडली आणि वर बिलही मलाच पाठवलं. दुसरं: 'द क्लार्क हॅड द टिमेरिटी टु करेक्ट द जज.' कारकुनाने न्यायाधीशांची चूक दुरुस्त केली.

पहिल्या वाक्यात हुद्द्याचा, मानाचा प्रश्न कुठेच नाही. बिल पाठवणारा शेजारी बरोबरीचाच आहे. टोचते आहे ती त्याची निर्लज्ज हिंमत: आपण चुकलो हे त्याला पुरतं माहीत आहे आणि तरीही तो ताठ मानेने पुढे येतो. आपल्याकडे यासाठी तयार म्हण आहे, चोर तो चोर वर शिरजोर. दुसऱ्या वाक्यात कारकुनाने काहीही वाईट केलेलं नाही. त्याची दुरुस्ती कदाचित अगदी बरोबर असेल. पण तो कारकून आणि समोर न्यायाधीश. लहान तोंडी मोठा घास. टिमेरिटीची म्हण ही.

आता शब्दांची अदलाबदल करून बघा. खिडकीच्या वाक्यात टिमेरिटी घातला तर व्याकरण मोडत नाही, पण वाक्य विचित्र होतं. बोलणारा स्वतःला कोणीतरी मोठा समजतो आणि शेजाऱ्याने आपली पायरी सोडली म्हणून चिडलाय, असा वास येतो. कारकुनाच्या वाक्यात ऑडॅसिटी घातला तर वाक्य चालतं, पण झोत न्यायाधीशांवरून उठून कारकुनावर पडतो: केवढी हिंमत या माणसाची. दोघांमधलं अंतर मागे पडतं. इंग्रजी चांगलं लिहिणारे लोक हा झोत कुठे पडावा हे ठरवून शब्द निवडतात.

या फरकाचं मूळ लॅटिनमध्ये आहे, आणि ते इथे खरोखर उपयोगी पडतं. ऑडॅसिटीच्या मुळाशी 'ऑडेरे' हे क्रियापद आहे. ऑडेरे म्हणजे धजणं. त्याचं नातं 'आवेरे' या क्रियापदाशी, म्हणजे हाव असणं, आतुर असणं याच्याशी लावतात. इंग्रजीतला 'ॲव्हिड' त्याच घरचा. म्हणजे धजावण्याच्या तळाशी इच्छा आहे: मला हे हवंय, म्हणून मी धजतो. टॉटनहॅम हॉटस्पर या फुटबॉल क्लबचं ब्रीद 'ऑडेरे एस्ट फाकेरे' असं आहे, धजणं म्हणजेच करणं. टिमेरिटीच्या मुळाशी आहे 'टेमेरे' हे क्रियाविशेषण: आंधळेपणाने, अंदाधुंद, उगाच. त्याचा संबंध अंधाराच्या जुन्या धातूशी जोडतात, ज्यातून लॅटिनचा 'टेनेब्रे' म्हणजे काळोख आला आणि संस्कृतचा 'तमस्' आला. अंधारात पाऊल टाकणारा तो टिमेरिटीचा माणूस. समोर काय आहे हे त्याला दिसत नाही, किंवा बघायची गरज त्याला वाटत नाही.

अंधाराची ही गोष्ट नुसती व्युत्पत्ती वाटत असेल तर रोम आणि कार्थेज यांच्यातल्या एकाच युद्धातले दोन प्रसंग शेजारी ठेवतो. इ.स.पू. २१८ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा सेनापती हॅनिबल हत्ती आणि सैन्य घेऊन आल्प्स ओलांडून इटलीत उतरला. इंग्रजीत या मोहिमेचं वर्णन करताना 'ऑडॅशस' हा शब्द हमखास येतो. पण ती उडी आंधळी नव्हती. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस आवर्जून सांगतो की हॅनिबलने त्या मुलखाची, तिथल्या टोळ्यांची आणि रोमविषयीच्या त्यांच्या रागाची आधी नीट चौकशी केली होती आणि वाटाडे बरोबर घेतले होते. नुकसान प्रचंड झालं, पण धोका मोजून पत्करलेला होता.

पुढच्याच वर्षी, इ.स.पू. २१७ मध्ये, रोमचा कॉन्सल, म्हणजे दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक, गाइयस फ्लॅमिनियस हॅनिबलचा पाठलाग करत ट्रॅसिमिन सरोवराच्या काठी पोचला. दुसऱ्या कॉन्सलचं सैन्य येईपर्यंत थांबा, असं त्याच्या अधिकाऱ्यांनी सुचवलं होतं. तो थांबला नाही. पहाटे, पुढे टेहळणी न पाठवता, डोंगर आणि पाणी यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत त्याने सैन्य घातलं. सरोवरावरून दाट धुकं चढलं होतं आणि वरच्या उतारांवर हॅनिबलचे लोक दबा धरून बसले होते. रोमन इतिहासकार लिव्हीच्या हिशोबाने तिथे १५ हजार रोमन मेले, फ्लॅमिनियसही त्यात गेला. त्याच्यावर लिव्ही जो दोष ठेवतो तो म्हणजे 'टेमेरिटास', टिमेरिटीचं लॅटिन रूप. लिव्ही त्याच्याबाबत जरा जास्तच कठोर आहे असं अनेक इतिहासकारांचं मत आहे, ते बाजूला ठेवू. शब्द समजायला हा प्रसंग मोलाचा आहे, कारण छाती दोघांनाही होती. फरक टेहळणीचा होता.

रोमन वक्ता आणि राजकारणी सिसेरोचं एक वाक्य याला पूरक आहे: टेमेरिटास बहरत्या वयाची, प्रुडेन्शिया म्हातारपणाची. प्रुडेन्शिया म्हणजे दूरदृष्टी, विवेक. टिमेरिटीचा विरुद्धार्थी शब्द भित्रेपणा नव्हे, विवेक आहे, हे या वाक्यातून फार नेमकं कळतं. ऑडॅसिटीचा विरुद्धार्थी शोधायला गेलात तर मात्र तुम्ही भित्रेपणाकडेच पोचता.

आता एक सावधगिरी. ऑडॅसिटीला दोन तोंडं आहेत आणि ती आजची नाहीत. इ.स.पू. ६३ मध्ये रोमन सिनेटसमोर कट रचणाऱ्या कॅटिलाइनवर तुटून पडताना सिसेरोने त्याच्या बेलगाम 'ऑडाकिया'चा, म्हणजे लॅटिनमधल्या ऑडॅसिटीचा, उल्लेख केला, तो शिवी म्हणूनच. उलट २ सप्टेंबर १७९२ रोजी, प्रशियाचं सैन्य फ्रान्समध्ये घुसून व्हर्दंला वेढा घालून बसलेलं असताना, फ्रेंच राज्यक्रांतीचा नेता दांतॉं याने पॅरिसच्या विधानसभेत 'धाडस, आणखी धाडस, सदैव धाडस' असं आवाहन केलं. फ्रेंचमधला त्याचा शब्द होता 'ओदास', म्हणजे तोच ऑडाकिया. एकाच्या तोंडी शिवी, दुसऱ्याच्या तोंडी रणघोष. २७ जुलै २००४ रोजी बॉस्टनमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात बराक ओबामांनी 'द ऑडॅसिटी ऑफ होप' हे शब्द उच्चारले, तेव्हा सभागृहाने ते उचलून धरले. तिथे टिमेरिटी घालून पाहा. आशेने आपली पायरी ओलांडली, असा काहीसा अर्थ होईल. कोणतीही सभा त्यावर टाळ्या वाजवणार नाही.

या दोन जातींच्या धाडसाला वेगवेगळी नावं देण्याचा सर्वांत देखणा नमुना मला बर्गंडीच्या ड्यूकांच्या घराण्यात सापडतो. १३५६ मध्ये प्वातियेच्या लढाईत फ्रान्सचा राजा जॉन इंग्रजांच्या हाती लागला. त्याचा चौदा वर्षांचा मुलगा फिलिप शेवटपर्यंत बापाच्या शेजारी उभा राहिला. तोच पुढे बर्गंडीचा ड्यूक झाला आणि फ्रेंचांनी त्याला 'ल आर्दी' म्हटलं, म्हणजे धीट, शूर. त्याचा पणतू चार्ल्स १४६७ मध्ये ड्यूक झाला. श्रीमंत राज्य, उत्तम तोफखाना आणि सतत पुढे पुढे जाण्याची घाई. १४७६ मध्ये ग्रँडसन आणि मुर्टेन इथे स्विस सैन्याने त्याला लागोपाठ दोनदा धूळ चारली. शहाणा माणूस थांबला असता. चार्ल्सने भर हिवाळ्यात, थकलेलं आणि रोडावलेलं सैन्य घेऊन नान्सीला वेढा घातला आणि ५ जानेवारी १४७७ रोजी कितीतरी मोठ्या सैन्यापुढे उभा राहून तो मेला. त्याचं राज्य त्याच्यामागे टिकलं नाही. फ्रेंच इतिहासात तो 'ल तेमेरेर', म्हणजे आततायी, म्हणून ओळखला जातो.

पणजोबा आर्दी, पणतू तेमेरेर. फ्रेंचांनी दोन शब्दांत निवाडा करून टाकला. आणि इंग्रजीत? फिलिप द बोल्ड आणि चार्ल्स द बोल्ड. दोघेही बोल्ड! शंभर वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन अगदी वेगळ्या माणसांना इंग्रजीने एकच बिरुद लावलं आणि फ्रेंचमधला सगळा निवाडा पुसून टाकला. ऑडॅसिटी आणि टिमेरिटी हे दोन्ही शब्द तुमच्या लेखनात 'धाडस' या एकाच डब्यात गेले की नेमकं हेच घडतं.

तेमेरेरबद्दल एक गोष्ट जाता जाता. १७५९ मध्ये लागोसच्या लढाईत ब्रिटिशांनी त्या नावाचं फ्रेंच जहाज पकडलं आणि नाव न बदलता आपल्या आरमारात घेतलं. पुढे त्याच नावाचं ९८ तोफांचं नवं जहाज १८०५ मध्ये ट्रफाल्गारला ब्रिटिश सेनापती नेल्सनच्या व्हिक्टरी या जहाजाच्या पाठोपाठ शत्रूच्या रांगेत घुसलं आणि त्याने मोठं नाव कमावलं. त्यामुळे 'टेमेरेअर' हे विशेषनाम इंग्रजी कानाला गौरवाचं वाटतं. 'टिमेरिटी' या नामाला मात्र तो मान कधी मिळाला नाही, त्यामुळे जहाजाचं नाव आठवून नामाचा अर्थ लावू नका.

आता आजच्या वापराकडे, आणि इथेच मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

ऑडॅसिटीची चांगली बाजू 'हॅड द ऑडॅसिटी टु' या साच्यात फारशी येत नाही. तो साचाच तक्रारीचा आहे. चांगली बाजू बाहेर येते विशेषणातून आणि 'ऑफ' लावून: ऑडॅशस प्लॅन, ऑडॅशस एस्केप, द शीअर ऑडॅसिटी ऑफ द डिझाइन. खेळाच्या वार्तांकनात तर हे विशेषण रोज भेटतं. १९७६ च्या युरोपियन फुटबॉल अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, बेलग्रेडमध्ये, चेकोस्लोव्हाकियाच्या अंतोनिन पानेन्काने पश्चिम जर्मनीविरुद्ध निर्णायक पेनल्टी घेतली. गोलरक्षक झेपावला एका बाजूला आणि पानेन्काने चेंडू अलगद उचलून मधोमध टाकला. तेव्हापासून अशा पेनल्टीला पानेन्काचंच नाव पडलं आणि तिच्या वर्णनात ऑडॅशस हे विशेषण जणू ठरूनच गेलं. पानेन्काने ही युक्ती आधी सरावात आणि सामन्यांत घोटलेली होती. मोजून घेतलेला धोका, आणि बघणाऱ्याचा वासलेला आ: ऑडॅसिटीचं याहून चांगलं उदाहरण द्यायला मला सुचत नाही.

अलीकडे समाजमाध्यमांवर नुसतंच 'द ऑडॅसिटी!' असं लिहायची रीत पडली आहे. पुढे क्रियापद नाही, काही नाही. अर्थ साधारण 'काय ही हिंमत!' किंवा 'कमाल आहे या माणसाची!' सूर तक्रारीचा, पण त्यात थोडी करमणूकही असते. 'द टिमेरिटी!' असं एकटं लिहिलेलं क्वचितच दिसतं. टिमेरिटी हा लेखी, थोडा भारदस्त शब्द आहे आणि त्याला शेपटी लागते: टिमेरिटी कशाची, हे सांगावं लागतं.

ती शेपटी कोणत्या क्रियापदांची असते हे बारकाईने पाहा. आस्क, क्वेश्चन, सजेस्ट, कॉन्ट्रडिक्ट, डिसअग्री, क्रिटिसाइज, कम्प्लेन. बहुतेक बोलण्याची क्रियापदं. म्हणजे आजच्या इंग्रजीत टिमेरिटी रणांगणावरून उठून दरबारात येऊन बसली आहे. धोका तलवारीचा राहिलेला नाही, मोठ्या माणसाच्या मर्जीचा आहे. लॅटिनमध्येही याची चाहूल होती: टेमेरेवरूनच 'टेमेरारे' हे क्रियापद झालं, आणि त्याचा अर्थ पावित्र्यभंग करणं, विटाळणं. आंधळेपणाने चालणारा कुठेतरी नको तिथे पाय ठेवतोच. मर्यादाभंगाची ही छटा आजच्या टिमेरिटीत ठळक आहे.

आणि आता कोशात सहसा न सांगितलेली गोष्ट. टिमेरिटीच्या वाक्यांचा एक मोठा भाग उलट्या अर्थाने लिहिलेला असतो. समजा लेखक लिहितो: 'शी वॉज फायर्ड बिकॉज शी हॅड द टिमेरिटी टु आस्क व्हेअर द मनी हॅड गॉन.' पैसे कुठे गेले असं विचारण्याची 'टिमेरिटी' केली म्हणून तिला काढून टाकलं. लेखक तिच्यावर चिडलेला आहे का? अजिबात नाही. तो तिच्या बाजूने आहे. तिने साधा, रास्त प्रश्न विचारला; त्याला टिमेरिटी म्हणणारी दृष्टी तिच्या वरिष्ठांची आहे. लेखकाने तो शब्द त्यांच्या तोंडातून उचलला आणि त्यांच्याच पदरात टाकला. हे ओळखलं नाही तर वाचक वाक्याचा नेमका उलटा अर्थ घेतो, आणि भाषांतरकार तर तो छापूनही मोकळा होतो. 'तिने उद्धटपणे विचारलं' असं मराठी झालं की लेखकाची सहानुभूती संपली. मी ते असं करीन: 'पैसे गेले कुठे, एवढं विचारण्याची तिची बिशाद झाली, म्हणून तिला काढून टाकलं.' 'एवढं' आणि 'बिशाद' हे दोन शब्द मिळून मूळचा रोख सांभाळतात.

अशा वाक्यात ऑडॅसिटीही चालू शकते, पण टिमेरिटी अधिक धारदार ठरते, कारण पायरी हा तिचा विषयच आहे. ज्याला पायऱ्या मोजायची सवय आहे त्याच्यावर तो शब्द नेमका बसतो.

नकारार्थी वाक्यांतही हेच. 'नो वन हॅड द टिमेरिटी टु कॉन्ट्रडिक्ट हिम.' त्याचं म्हणणं खोडून काढायची कोणाची बिशाद नव्हती. हे वाक्य गप्प बसलेल्या लोकांबद्दल कमी आणि त्या माणसाच्या दराऱ्याबद्दल जास्त सांगतं.

मराठीत या शब्दासाठी जे सगळ्यात जवळचं आहे ते माझ्या मते धाडसाच्या कुळातलं नाहीच. बिशाद, मजाल, प्राज्ञा हे ते शब्द. 'माझी काय प्राज्ञा तुम्हाला शिकवण्याची' हे वाक्य आणि 'आय वुडन्ट हॅव द टिमेरिटी टु लेक्चर यू' हे वाक्य एकमेकांवर तंतोतंत बसतं. दोन्हींत समोरच्याचं मोठेपण आणि आपलं लहानपण आधी मान्य केलेलं आहे. स्वतःबद्दल नम्रपणे बोलताना टिमेरिटी शोभते, जशी 'लहान तोंडी मोठा घास घेतोय, पण...' ही सुरुवात शोभते. ऑडॅसिटीचं असं नाही. 'आय हॅड द ऑडॅसिटी टु राइट टु हिम' असं स्वतःबद्दल म्हणणारा माणूस आपल्या हिमतीवर थोडा खूश आहे असं वाटतं.

साहस या शब्दाचा प्रवास इथे आठवतो. संस्कृतात 'सहसा' म्हणजे मागचापुढचा विचार न करता, एकदम. धर्मशास्त्रात 'साहस' हे बळाने केलेल्या गुन्ह्यांचं नाव होतं, आणि दंडाच्या पायऱ्यांनाही प्रथम, मध्यम, उत्तम साहस म्हणत. आज मराठीत साहस हा निखळ कौतुकाचा शब्द आहे. जुना अर्थ सांगायला आपल्याला 'दुः' जोडून दुःसाहस करावं लागतं. ऑडॅसिटीने तसाच प्रवास अर्धा केला आणि ती मधेच थांबली. टिमेरिटी जागची हलली नाही. म्हणून ऑडॅसिटीचं मराठी करताना संदर्भ बघून धाडस, बेडरपणा, निर्लज्जपणा, शिरजोरी यांतून निवडावं लागतं. टिमेरिटीला रणांगणावर आततायीपणा किंवा दुःसाहस, आणि दरबारात बिशाद, मजाल, धृष्टता. धारिष्ट्य हा शब्द मात्र दोन्हींसाठी चालतो असं समजून सरसकट वापरू नये. 'एवढं धारिष्ट्य दाखवलं' यात अजूनही कौतुकाची ऊब आहे, ती टिमेरिटीला मिळता कामा नये.

लिहिताना होणारी सर्वांत महागडी चूक शिफारसपत्रात दिसते. एका पत्राच्या मसुद्यात असं वाक्य होतं: 'शी हॅड द टिमेरिटी टु टेक अप अ प्रोजेक्ट दॅट एव्हरीवन एल्स हॅड रिफ्यूज्ड.' लिहिणाऱ्या प्राध्यापकांना म्हणायचं होतं की सगळ्यांनी नाकारलेला प्रकल्प तिने हिमतीने हाती घेतला. वाचणाऱ्या समितीला दिसणार होतं की हिला स्वतःचा आवाका कळत नाही. टिमेरिटी काढून ऑडॅसिटी घातली असती तरी काम झालं नसतं, कारण साचा तक्रारीचा तो तक्रारीचाच. तिथे 'करेज' हवं, किंवा 'शी वॉज बोल्ड इनफ टु'. कोणाची स्तुती करायची असेल तर 'हॅड द' आणि 'टु' यांच्यामध्ये करेज, गुड सेन्स, विझ्डम असे निःसंशय चांगले शब्दच ठेवावेत. ऑडॅसिटीने स्तुती करायचीच असेल तर माणसाऐवजी त्याच्या कामाला ती लावा: 'द ऑडॅसिटी ऑफ हर प्रपोजल'. वाक्य लगेच सरळ होतं.

या दोघींच्या आजूबाजूचे शब्दही विचारले जातात, ते भरभर सांगतो. एफ्रन्टरी म्हणजे उघड निर्लज्जपणा, त्यात धोक्याचा विचारच नाही. गॉल त्याहून कडवट. गॉल म्हणजे पित्त, आणि बोलणाऱ्याचं पित्त खवळलेलं असतं. नर्व्ह रोजच्या बोलण्यातला, चीक हलका आणि बरेचदा लाडाचा. ज्यूंच्या यिडिश भाषेतून आलेला हुत्स्पा ऑडॅसिटीसारखाच दुतोंडी आहे, पण त्यात बेरकीपणाची भर असते. यांपैकी एकही शब्द पायरी मोजत नाही. ते काम टिमेरिटी एकटीच करते, म्हणून तिला पर्याय शोधणं अवघड जातं.

विशेषणाच्या बाबतीत ती एकटेपणाची किंमत मोजते. ऑडॅसिटीचं ऑडॅशस सर्वत्र चालतं. टिमेरिटीचं 'टेमेरेरियस' कोशात आहे, पण वाचकाला अडखळायला लावतं; ते वापरू नका. धोक्याबद्दल बोलायचं असेल तर 'रॅश' किंवा 'रेकलेस', पायरीबद्दल बोलायचं असेल तर 'प्रिझम्प्चुअस' घ्या. इंग्रजीच्या शेजारच्या भाषांत मात्र हे विशेषण ठणठणीत जिवंत आहे. स्पॅनिशमध्ये बेदरकार वाहन चालवण्याच्या गुन्ह्याला 'कोंदुक्सिओन तेमेरारिया' म्हणतात, आणि इटालियन कायद्यात आधार नसताना मुद्दाम किंवा बेपर्वाईने लढवलेला दावा म्हणजे 'लिते तेमेरारिया'.

शेवटी उच्चार आणि स्पेलिंग, कारण तिथेही घात होतो. टिमेरिटीत जोर दुसऱ्या अक्षरावर, 'मे'वर. तो नीट पडला नाही की कानाला 'टिमिडिटी' ऐकू येतं, आणि टिमिडिटी म्हणजे भिडस्तपणा, भित्रेपणा. अर्थ थेट उलटा. हा गोंधळ नुसत्या कानाचा नाही; 'टिमिड' आणि 'टिमेरिटी' एकाच मुळातून आले असावेत असं समजून कित्येक जण तसा अर्थ लावतात. टिमिड आला 'टिमेरे' म्हणजे भिणं या क्रियापदातून आणि टिमेरिटी 'टेमेरे'तून. एका स्वराचा फरक, बाकी काही नातं नाही. तसंच ऑडॅसिटीचं आणि ऑडिओचं: एक धजण्याच्या क्रियापदातून आली, दुसरा ऐकण्याच्या. संगणकाच्या स्पेलिंग तपासणीवर इथे विसंबू नका. टिमेरिटीच्या जागी टिमिडिटी पडली तर तोही इंग्रजीतला खराच शब्द असतो, त्याच्याखाली लाल रेघ येत नाही.